गंज वरचा आणि आंतला

जुन्या मोटारीला दुसरें वापरलेलें एंजिन बसवावयाचें ठरलें, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर प्रथम ब्लॉकवरील तांबूस गंजाकडे जाते. वस्तुतः बिडाच्या ब्लॉकवरचा तो पातळ थर बहुधा निरुपद्रवी असतो. उलट, नुकताच रंग फासून चकचकीत केलेल्या एंजिनाविषयींच संशय बाळगणें बरें.

खरा घात सिलिंडरांत होतो. एंजिन महिनोगणती पडून राहिलें, कीं ज्या सिलिंडराची झडप उघडी राहिली असेल त्यांत दमट हवा शिरते. मुंबईसारख्या ठिकाणीं तिच्यांत समुद्राचें मीठही असतें. म्हणून प्लग काढून त्या भोंकांतून कॅमेऱ्याची बारीक नळी आंत सोडावी. गंजाची नुसती झांक असली तर ती चालण्यासारखी असते. खड्डे पडलेले असले तर मात्र दाब निसटतो, तेल जळतें, आणि सिलिंडर पुन्हां बोअर करून घ्यावे लागून स्वस्त सौदा महागांत पडतो. त्यानंतर थोडें तेल सोडून क्रँकशाफ्ट पान्यानें, हातांनींच, दोन पुरे फेरे फिरवावा. चारही स्ट्रोक तेवढ्यांत होतात. तो अडला तर स्टार्टरचा जोर लावूं नये. रिंगा मोडण्याचें भय असतें.

पाण्याच्या वाटा पाहण्याचें कोणाला सहसा सुचत नाहीं. थर्मोस्टॅटचें झांकण काढतांच तपकिरी गाळ दिसला, तर ब्लॉकमधील पत्र्याचीं वाटीसारखीं बुचें आंतून कुरतडलीं गेलीं असण्याचा संभव असतो. तीं स्वस्त असतात. एंजिन बाहेर आहे तोंवरच बदलावीं, कारण मागल्या बुचासाठीं पुढें कित्येकदां सबंध एंजिन उतरवावें लागतें. ॲल्युमिनियमचें हेड तांबूस होत नाहीं. तेथें पांढरी भुकटी शोधावी.