भाव कुठी हाय?

कानात इअरफोन आहेत ना? मग ऐका.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आजचा विषय आहे छोट्या धंद्याचं मार्केटिंग, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून.

आई दरवर्षी पापड, कुरडया करून विकते. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, "यंदा डबल माल कर, विकायचं माझ्यावर सोड." तिनं बचत गटातून 20 हजार उचलले. मी झकास वेबसाइट बनवली. लोगो, फोटो, 'परंपरेची चव' वगैरे. महिनाभरात ऑर्डर किती? दोन. त्यातली एक माझ्या रूममेटची! आणि गटाचा हप्ता तर सुरू झालेला.

आईनं मोबाइल हातात घेतला, सगळं पाहिलं अन् म्हणाली, "सारं हाय यात, पण भाव कुठी हाय?"

खरंच की! मी आमचं कौतुक लिहिलं होतं, गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते लिहिलंच नव्हतं. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकल्या: उडदाचा पापड, किलोचा भाव, घराचा पत्ता, आईचा नंबर. आधी ओळखीच्यांनाच पाठवल्या. दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागले.

मग आली रामनवमी. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. यात्रेला कर्नाटक, तेलंगणातूनही बंजारा समाज येतो. आम्ही भावाची पाटी मोठ्या अक्षरात लावली, चाखायला तळलेला पापड ठेवला आणि शेजारच्या मावशींना सोबत नेलं. त्या गोरबोलीत बोलायला लागल्या की माणसं थांबायची. गिऱ्हाईकाशी त्याच्या भाषेत बोला म्हणतात, ते हेच. माल संपला, हप्ताही वेळेवर गेला.

आता लिज्जतचं बघा. 15 मार्च 1959 ला मुंबईत, गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी पाकिटं झाली 4, ती दिली ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. टीव्हीवरचा रामदास पाध्येंचा ससा फार नंतर आला. म्हणजे आधी चांगला पापड, मग ओळखीचं गिऱ्हाईक आणि शेवटी ससा. मी ससाच आधी बनवत बसलो होतो!

आज एक काम करा. तुमच्या धंद्याची जाहिरात घरच्या कोणालाही वाचायला द्या. त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत टाका.

चला, भेटू पुढच्या भागात!