रस्त्याच्या पोटातलं कापड

आमचे अब्बा गिरणीत मागावर होते. घरात कुणाचा सदरा विरला की म्हणायचे, "वरून ठिगळ नको, आतून अस्तर द्या." माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाला रस्त्याचं शास्त्र थोडंफार उमगलं ते या अस्तरामुळेच.

आमच्या मोहल्ल्यातला रस्ता दर दोन-तीन वर्षांनी काळाभोर होतो आणि पाऊस सरता सरता जुन्याच जागी जुनीच भेग वर येते. वळणसुद्धा तेच! गेल्या पावसाळ्यात तिचा खड्डा झाला आणि धाकट्या भावाची स्कूटर त्यात आदळली. त्याचं मनगट अजून नीट वळत नाही. "डांबर खाल्लं," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पण डांबर चोख असतं तरी भेग आलीच असती.

कारण खालची भेग मेलेली नसते. चाक आलं की तिची एक कड दबते, पुढे गेलं की दुसरी. रात्री गारठ्यानं तिचं तोंड उघडतं, दुपारी मिटतं. वरचा नवा थर तिला चिकटलेला. तो तळाकडून वर फाटत येतो. मग पाणी शिरतं.

अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या महामार्ग खात्यानं १९२६ पासून रस्त्यात चक्क सुती कापड घालून पाहिलं. कापड कुजेपर्यंत तडे कमी पडले. (अब्बांना हे सांगायचं राहून गेलं.) आता पॉलिप्रॉपिलीनचं कापड किंवा काचतंतूंची जाळी घालतात. डांबर प्यालेलं कापड मऊ असतं. ते ताण जिरवतं, पाणी अडवतं. जाळी ताठ, ती ताण स्वतः पेलते आणि भेगेला आडवं वळवते.

मेख आहे ती चिकटण्यात. खाली धूळ राहिली, टॅक कोट कमी पडला, कापडाला चुणी पडली, की थर एकमेकांवर सरकतात आणि अस्तरच वैरी होतं. रुंद भेगा आधी भराव्या लागतात. खालची काळी माती फुगत-आकसत असेल, तर जाळी बिचारी काय करणार? आणि सगळं नीट केलं तरी भेग कायमची जात नाही, उशिरा येते. पण ती उशिराची वर्षंच तर हवी असतात.

परवा पुन्हा काम निघालं. तरुण अभियंत्याला विचारलं, "कार्पेट किती?"

"चाळीस मिलिमीटर, चाचा."

"आणि खालच्या भेगा?"

"त्या झाकल्या जातील की!"