गावाकडची वाट आणि आपण

(२०२५ च्या आश्विन पौर्णिमेला, वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून दिवसभर लोकांचे ऐकायचे, हे माझे काम. तेव्हा संस्थेच्या कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला, तर मी म्हणालो, "गावाकडे जाणे." ते हसून म्हणाले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे? गाडी काढायची आणि जायचे!" मित्रहो, मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. ते तसे का नाही, एवढेच आज सांगणार आहे.

माझे गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. या शहरापासून दोनशे किलोमीटरच्या थोडे आत. १९९८ साली बारावी झाल्यावर मी तेव्हाच्या औरंगाबादला आलो. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले नसते, नागसेनवन उभे राहिले नसते, तर माझ्यासारखा मुलगा कला शाखेचा पदवीधर झाला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. गावाला जाणे म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर रांगेत उभे राहणे, बीडला गाडी बदलणे आणि फाट्यावर उतरून चालत जाणे. आपल्यापैकी निम्म्या लोकांची हीच कथा असेल. बीड शहराला तर रेल्वेसुद्धा परवापरवा, १७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. म्हणून आपल्याकडचा जो तो एस.टी.च्या जिवावर शिकला.

२०२१ साली मी जुनी का होईना, पण गाडी घेतली. त्या दिवाळीला बायको-मुलांना घेऊन पहाटे निघालो. बीड बायपास सोडला, पाचोड गेले, शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराई मागे पडली. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढलो आणि कपिलधारचा फाटा ओलांडून नेकनूरकडे वळलो. या रस्त्याने पूर्वी कितीदा तरी उभ्याने प्रवास केला होता. आता स्टिअरिंग माझ्या हातात होते. खोटे कशाला बोलू, छाती फुगली होती.

वाटेत एक गोष्ट दिसली, पण तेव्हा मनावर घेतली नाही. समोरून ट्रॅक्टर येत होते. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, चार-सहा बायाबापे आणि चिंध्यांच्या बोचक्यावर झोपलेली पोरे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या. मी हॉर्न वाजवून बाजूने पुढे गेलो.

आमच्या वस्तीतली गल्ली अरुंद. गाडी समाजमंदिरापाशी लावली. पोरे गोळा झाली. एका सात-आठ वर्षांच्या पोराने बॉनेटवरच्या धुळीत बोटाने 'जयभीम' लिहिले आणि मी त्याच्यावर खेकसलो. पोरगा पळाला. दारात बसलेल्या आईने ते पाहिले. ती एवढेच म्हणाली, "आरं, त्यानं धुळीत लिवलंय, पुसून जाईल. तू बोललास ते पुसंल का?"

त्या दिवाळीचा फराळ मला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बालमित्राला भेटायला गेलो. नाव सांगत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. त्याच्या दाराला कुलूप होते. शेजारी वेगळ्या खोलीत त्याची म्हातारी आई आणि त्याची लेक. टोळीबरोबर गेला, असे समजले. २०२२ च्या दिवाळीला गेलो, कुलूप. २०२३ ला गेलो, कुलूप. तेव्हा मावशी मला म्हणाली, "बाबा, तू येतूस तवा ते नसत्यात, अन् ते असत्यात तवा तू नसतूस. कशी व्हावी भेट?"

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले जे शहरातच वाढले, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा झाला की निघायचे, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे, गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घ्यायची आणि ती टनावर तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी सुरू होते तेव्हा तिकडे अर्धी वस्ती रिकामी होते. उरतात म्हातारी माणसे आणि काही पोरे. मी त्याच जिल्ह्यातला. हे मला लहानपणापासून माहीत होते. तरी मी तीन वर्षे माझ्या सुट्टीला जात राहिलो आणि त्याच्या दाराला कुलूप का, म्हणून नाराज होत राहिलो!

आता जे सांगतो, ते मी घराबाहेर कधी बोललो नव्हतो.

आम्ही दोघे दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार. बारावीच्या वर्षी त्याच्या आईचे दुखणे निघाले. कोयत्याला जोडीदार पाहिजे, म्हणून तो वडिलांबरोबर थळात गेला, आणि त्याची परीक्षा हुकली ती हुकलीच. जून १९९८ मध्ये मला इथे यायचे होते. प्रवेशाला, खाणावळीला पैसे नव्हते. माझ्या वडिलांनी चार दारे पाहिली. शेवटी मित्राच्या वडिलांनी नव्या हंगामाची उचल घेतली होती, तिच्यातले ५०० रुपये काढून दिले. माझी पत्र्याची पेटी मित्राने सायकलवर बांधून केजच्या स्टँडपर्यंत आणली. मी एस.टी.त बसलो आणि तो रिकामी सायकल घेऊन परत गेला.

ते ५०० रुपये त्याच्या घराने ऊस तोडून फेडले. माझ्या पदवीत त्या उसाचा वाटा आहे.

मावशीच्या त्या बोलण्यानंतर मी २०२४ च्या मे महिन्यात चार दिवसांची रजा टाकली आणि एकटाच गेलो. या वेळी गाडी समाजमंदिरापाशी लावली, तेव्हा पोरांना म्हणालो, लिहा काय लिहायचे ते. मित्र घरी होता. केस पांढरे झालेले, कंबर वाकलेली. आम्ही लिंबाखाली रात्री उशिरापर्यंत बसलो. मी धीर करून खिशातून पाकीट काढले आणि त्या ५०० रुपयांची गोष्ट काढली. तो हसला. म्हणाला, "ते पैसं माझ्या बापानं तुझ्या बापाला दिलं व्हतं. दोघं बी गेलं. त्याचा हिशोब आता आपल्याकडं न्हाई." थोड्या वेळाने म्हणाला, "तुला बँकेतलं कळतं. एवढं एक बघ." आणि त्याने आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले पासबुक आणले.

मित्रहो, मी वीस वर्षे बँकेत आहे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते, हे मी काउंटरवर रोज कुणाला तरी सांगतो. माझ्या मित्राचे खाते तसेच पडून होते. सहा महिने माणूस फडात, उरलेल्या दिवसांत मजुरी बुडवून शाखेत गेला तर "केवायसीचे कागद आणा" म्हणून परत पाठवलेला. हे शब्द मी किती लोकांना ऐकवले असतील? माझ्या टेबलासमोरून परत जाणारा माणूस कुणाचा तरी बालमित्र असतो, हे मला त्या लिंबाखाली कळले.

दुसऱ्या दिवशी दोघे शाखेत गेलो. आधार आणि फोटो देऊन केवायसी केले, खाते चालू झाले. त्याचा आणि वहिनींचा विमा उतरवला. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, या दोन योजना २०१५ पासून आहेत. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असे चालते. म्हणजे हे काम करायचा योग्य महिना मे आणि नेमकी तेव्हाच ही माणसे गावात असतात. कोयता पायावर बसणे, ट्रॉली उलटणे, सर्पदंश हे ज्यांचे रोजचे भय, त्यांच्यापर्यंत २० रुपयांचा विमा पोहोचला नव्हता, आणि माझ्यासारखे गाववाले बँकेत बसलेले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस दहावीचा निकाल लागला. मित्राच्या लेकीने चांगले गुण मिळवले. आईबाप फडात असताना आजीपाशी राहून ती शिकली. "आता पुढं काय?" असे मित्राने फोनवर विचारले, आणि १९९८ चा तो स्टँड माझ्या डोळ्यांसमोर आला. मी पुन्हा गेलो आणि तिला घेऊन आलो. तिची पेटी गाडीच्या डिकीत होती. शासकीय वसतिगृहात नंबर लागेपर्यंत ती आमच्या घरी राहिली. आज ती बारावीला आहे. आज ती या सभागृहात आली आहे, पण कुठे बसली आहे ते सांगणार नाही, नाहीतर काकावर रागवेल.

आता काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी तर खेड्यांविषयी वेगळेच सांगितले होते. बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, हे त्यांचे मत आपल्या वाडवडिलांनी अंगावर झेलून खरे ठरलेले पाहिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यात किती वस्त्या पेटल्या, हे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्या दिवसांनंतर गाव सोडून शहरात आलेली घरे या सभागृहात आहेत. कुणाला त्या वाटेने परत जावेसे वाटत नसेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण बाबासाहेबांनी खेड्याची व्यवस्था नाकारली, तिथली माणसे नाकारली नाहीत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलताना त्यांना कशाचे दुःख झाले होते? शिकलेला माणूस आपल्याच पोटापाण्यात गुंतला, याचे. गावाकडे जायचे म्हणजे गावगाड्यात परत शिरायचे नव्हे. जी माणसे मागे राहिली म्हणून आपण पुढे येऊ शकलो, त्यांच्याकडे जायचे. हा फरक नीट लक्षात घेतला, तर माझ्या मते प्रश्न सुटतो.

म्हणून आपणास तीन विनंत्या करतो.

पहिली अशी की, आपल्या सुट्टीला जाऊ नका, त्यांच्या सवडीला जा. आईवडील असतील तर दिवाळीला जरूर जा, मीही जाणार आहे. पण ज्यांच्या दाराला दिवाळीत कुलूप असते, त्यांच्यासाठी मे महिन्यातले दोन दिवस राखून ठेवा. आणि हंगामात शक्यतो रात्रीची गाडी चालवू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. त्यात त्यांचाही जीव जातो, आपलाही.

दुसरी विनंती आपल्यातल्या नोकरदारांना. जाताना मिठाईचा डबा न्या, पण आपल्या कामाचे ज्ञानही न्या. कुणी बँकेत आहे, कुणी तहसीलमध्ये, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. समाजमंदिरात एक सतरंजी टाकून सकाळभर बसलात तरी दहा घरांची कामे मार्गी लागतील. कुणाचे जातीचे प्रमाणपत्र अडलेले असते, कुणाचे खाते बंद असते, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलेला असतो. ज्यांना वसतिगृह मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. या गोष्टी आपल्याला माहीत असतात आणि ज्यांच्यासाठी असतात त्यांना नसतात.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. तुमची पेटी कुणी स्टँडपर्यंत आणली, ते लिहून ठेवा. खरेच वहीत लिहून ठेवा. नोकरी लागल्यावर या गोष्टी फार लवकर विसरतात. मी तेवीस वर्षे विसरलो होतो.

मी कुणाचा उद्धार केला, असे कृपया समजू नका. माझा मित्र आजही कोयता धरतो. त्याची उचल अजून फिटलेली नाही. परवाच त्याचा फोन आला, टोळी निघायची तारीख ठरली आहे. या दिवाळीलाही त्याच्या दाराला कुलूप असेल. समोरून ट्रॉल्या आल्या, तर यंदा मी हॉर्न वाजवून पुढे जाणार नाही. गाडी कडेला घेईन. कदाचित त्यातल्या एखाद्या ट्रॉलीत तो असेल.