सहा गुंठे जागा आणि बारा खेळाडू
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पाठशाळा, वसतिगृह, औषधोपचार आणि जीवदया यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आजचा विषय मात्र थोडा निराळा आहे. कुमार व युवकांचा बास्केटबॉल संघ कसा उभा राहतो आणि उभा राहिलेला संघ कशामुळे टिकतो वा मोडतो, हा तो विषय. धार्मिक ट्रस्ट आणि चेंडू यांचा संबंध काय, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या नागपाड्यात सापडते आणि त्या उत्तराचे एक टोक अहिल्यानगरपर्यंत, म्हणजे जुन्या अहमदनगरपर्यंत, येऊन पोहोचते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ पासून या मिशनने अहमदनगर हे आपले मोठे केंद्र केले. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा याच नगरात होती. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय हेही त्याच परंपरेतील. याच मिशनतर्फे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागोत शिकलेले गृहस्थ १९२५ साली मुंबईत आले. गिरणी कामगार, हमाल आणि फेरीवाले यांच्या दाट वस्तीत राहून काम करावे, असे मिशनने ठरविले आणि १९२६ साली नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था सुरू झाली. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये उभारलेल्या ‘हल हाऊस’च्या धर्तीचे हे काम होते. वस्तीत घर घ्यावयाचे, तेथेच राहावयाचे आणि शेजाऱ्यांसाठी वर्ग, दवाखाना, वाचनालय व खेळ चालवावयाचे, अशी ती पद्धत. दारातून आत येणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ साली याच इमारतीत सुरू झाली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने देशभर ख्यातकीर्त झाली. पदवीचे शिक्षण आणि गल्लीतील मुलांचा खेळ एकाच छपराखाली नांदले, ही गोष्ट ट्रस्ट चालविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुंबई सेंट्रल आणि भायखळा यांच्यामधील हा भाग. मुसलमान, ख्रिस्ती, बगदादी ज्यू आणि मराठी कष्टकरी तेथे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. क्रिकेटला लागते तेवढी मोकळी जमीन तेथे कोठून असणार? बास्केटबॉलला ती लागत नाही. नेबरहूड हाऊसचे मैदान आणि जवळचे मस्तान वायएमसीए ही दोन नावे मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या दुमदुमत राहिली. याच वस्तीत वाढलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. त्याहून वरचे स्थान भारताला त्या स्पर्धेत कधी लाभले नाही. पुढे १९९२-९३ च्या दंगलींची झळ या भागाला बसली, तरी तेथील बास्केटबॉल संपला नाही. एखाद्या वस्तीने एक खेळ आपला मानला की तो अनुदानावर अवलंबून राहत नाही, हे नागपाड्याने दाखविले.

आता या खेळाच्या जन्माची हकीकत, कारण तीत जैन श्रोत्यास विशेष रस वाटावा असा भाग आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक होते. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. फुटबॉलसारखे खेळ लाकडी जमिनीवर खेळविले तर हातपाय मोडत. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडविण्यासाठी दुसरा त्याच्यावर झेप घेतो आणि तेथे इजा होते, असे नेस्मिथ यांनी हेरले. म्हणून चेंडू हातात घेऊन धावण्यासच त्यांनी मनाई केली. धावणेच नाही, तर आडवे पाडण्याचे कारणही उरत नाही. लक्ष्य समोर उभे असले की चेंडू जोराने फेकला जातो, म्हणून त्यांनी ते डोक्याच्या वर आडवे ठेवले, जेणेकरून चेंडू अलगद उचलून टाकावा लागेल. शिपायाकडे त्यांनी चौकोनी खोकी मागितली, त्याला मिळाल्या पीच फळांच्या दोन परड्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंचीवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. अठरा विद्यार्थी, दोन्ही बाजूंस नऊ-नऊ, आणि तेरा नियम. दुसऱ्यास इजा होऊ नये या एका विचारातून नियम जन्मास आलेला खेळ क्वचितच आढळेल. आजचा बास्केटबॉल पुष्कळ धसमुसळा झाला आहे हे खरे, परंतु पंचाची शिटी अजूनही अंगाला लागलेल्या अंगासाठीच वाजते.

संघ उभारण्याच्या प्रत्यक्ष व्यवहारास जागेपासून प्रारंभ होतो. पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. चहूबाजूंनी दोन-दोन मीटर मोकळे सोडले तर ६०८ चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास नेमके सहा गुंठे. जिल्ह्यातील किती ट्रस्टांच्या मंगल कार्यालयामागे एवढे आवार आहे, याची मोजदाद ज्याने त्याने मनातल्या मनात करावी. तेवढे नसेल तर अर्धे मैदान पुरते. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, प्रथमच समाविष्ट झाला. त्याला १५ बाय ११ मीटर जागा, एकच रिंग आणि प्रत्येक बाजूला राखीव धरून चार खेळाडू लागतात. पावणेदोन गुंठ्यांच्या आतला हा मामला आहे. पाऊस कमी असलेल्या या जिल्ह्यात उघड्यावरचे सिमेंटचे मैदान वर्षातील बहुतेक दिवस वापरता येते. पाणी वाहून जाण्यासाठी उतार मात्र पहिल्याच दिवशी द्यावा. नंतर तो देता येत नाही आणि दिला तर पैसे दुप्पट जातात.

चेंडूचा प्रश्न जैन घरांत हटकून निघतो. पूर्वी चेंडू चामड्याचा असे आणि आजही काही महागडे चेंडू तसे असतात. सिमेंटच्या मैदानासाठी रबराचाच चेंडू अधिक टिकतो आणि कृत्रिम आवरणाचेही चांगले चेंडू मिळतात. तेव्हा येथे धर्म आणि काटकसर एकाच बाजूस आहेत. दुकानदारास स्पष्ट विचारून घ्यावे एवढेच. मोठ्या मुलांना सात क्रमांकाचा, मुलींना सहा आणि बारा वर्षांखालील मुलांना पाच क्रमांकाचा चेंडू द्यावा. लहानांसाठी रिंगही २.६० मीटरवर आणावी. दहा फुटांवरची रिंग पाहून आठ वर्षांचे मूल चेंडू दोन्ही हातांनी खालून भिरकावते आणि ती चुकीची सवय पुढे वर्षानुवर्षे जात नाही.

गणवेशाविषयी कापड बाजारातील कोणीही एक सल्ला देईल: बारा जर्सी एकाच ताग्यातून, एकाच लॉटच्या कापडातून शिवाव्यात आणि दोन-तीन जर्सींचे कापड राखून ठेवावे. सहा महिन्यांनी तोच रंग मागितला तर दुसऱ्या लॉटची छटा हमखास वेगळी निघते आणि नवा आलेला मुलगा छायाचित्रात परका दिसतो. सुती कापड घाम पिऊन जड होते. सरावासाठी ते चालेल, सामन्यासाठी विणीचे पॉलिस्टर बरे. जर्सीवर पूर्वी ४ ते १५ हेच आकडे असत, कारण एक, दोन, तीन या बोटांच्या खुणा पंच गुणांसाठी वापरीत. आता ते बंधन राहिलेले नाही.

यापुढचा भाग अवघड आहे, कारण तेथे पैशाने काम भागत नाही. सरावाची वेळ ठरविणे हीच पहिली कसोटी. सायंकाळी सहा ते आठ ही वेळ इतर संघांना सोयीची. परंतु ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते, तेथील मुलगा हिवाळ्यात एक तर उपाशी झोपेल किंवा नियम मोडेल. दोहोंपैकी काहीही झाले तरी महिनाभरात आजी त्याचे येणे बंद करील. पहाटेचा सराव ठेवला तर नवकारसी करणाऱ्या मुलास सूर्योदयानंतर ४८ मिनिटे पाणीही घेता येत नाही. यास उपाय आहे: त्या मुलांकडून आधी नेम साधण्याचा व पासचा हलका सराव घ्यावा आणि धावपळ शेवटी ठेवावी. पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी मैदानाबाहेर बसून गुण लिहावेत. उकळून थंड केलेल्या पाण्याचे भांडे निराळे असावे. प्रशिक्षक जैन असण्याची मुळीच गरज नाही, पण कोणाचा कोणता नियम आहे हे त्याच्या वहीत असले पाहिजे.

प्रशिक्षकास मानधन वेळेवर द्यावे. ‘सेवाभावाने येतील’ या भरवशावर सुरू झालेले संघ पहिल्या परीक्षेच्या हंगामातच विखुरतात. त्यानंतर येते दहावी. चौदा वर्षांखालील गटात हौसेने खेळणारी मुले सतरा वर्षांखालील गटात दिसेनाशी होतात, कारण शिकवणी वर्ग आणि सराव यांची वेळ एक असते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी जातात, वरच्या पायऱ्यांवरील कामगिरीस सवलतीचे क्रीडा गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे पालकांना सांगावेच. मात्र व्यापारी घरातील वडील नोकरीच्या आमिषाने भुलणार नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, आणि परीक्षेपूर्वी एक महिना सुटी, असा लेखी करार त्यांना अधिक पटतो. हिशेबी माणसाला मुदत माहीत असली की तो सोसतो.

मुलींच्या संघाविषयी बोलताना आवाज खाली जातो, म्हणून मुद्दाम स्पष्ट सांगणे इष्ट. खेळ निघाल्यावर काही महिन्यांतच, १८९२ साली, सेंडा बेरेन्सन यांनी अमेरिकेतील स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकविला. म्हणजे मुलींचा बास्केटबॉल मुलांच्या बास्केटबॉलपेक्षा जेमतेम एका वर्षाने धाकटा आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघातून खेळली, ती याच महाराष्ट्रातील मैदानांवर तयार झाली. घरच्यांचा आक्षेप बहुधा खेळाला नसतो. तो पोशाखाला, परगावच्या मुक्कामाला आणि परतीच्या अंधाराला असतो. गुडघ्याखालपर्यंतची पँट चालवून घ्यावी, सोबत महिला व्यवस्थापक असावी आणि मुलींच्या सरावाला पहिली वेळ द्यावी. मुलांचे आटोपल्यावर उरलेली वेळ मुलींना, हा क्रम उलटा केल्याशिवाय तो संघ उभा राहत नाही.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी. संघ फक्त समाजाच्या मुलांचा असावा की गल्लीतील सर्वांचा? संघात बारा खेळाडू असतात, मैदानावर पाच. परंतु चांगले बारा निवडण्यास पन्नास मुले सरावाला हवीत आणि एकट्या जैन समाजातून एका गावात तेवढी मिळणे कठीण. पाटीवर समाजाचे नाव असो, फाटक सर्वांना उघडे असावे. नागपाड्याच्या मिशनवाल्यांनी केले ते एवढेच. मग कधी तरी असा दिवस उजाडतो की अंतिम पाचांत शेजारच्या मोहल्ल्यातील शिकलगाराचा मुलगा बसतो आणि विश्वस्तांचा नातू राखीव बाकावर असतो. संघ टिकणार की मोडणार याचा निर्णय त्या सायंकाळी होतो, आणि तो मैदानावर होत नाही, विश्वस्तांच्या घरी भोजनाच्या वेळी होतो. त्या नातवाने बाकावरून टाळ्या वाजविल्या आणि आजोबा पुढच्या सामन्यासही आले, तर प्रशिक्षकाचे अर्धे काम झाले. निवडीचा अधिकार फक्त प्रशिक्षकाचा, हा ठराव म्हणूनच पहिला सामना खेळण्याआधी, कोणाचाही नातू डोळ्यांसमोर नसताना, इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.

दुसरा ठरावही त्याच सभेत घ्यावा. मंगल कार्यालयाच्या कचेरीत लग्नतिथींची वही असते. तिच्या शेजारी सरावाची वही ठेवावी. कार्तिकी एकादशीनंतर तिथी सुरू होतात आणि नेमके त्याच काळात स्पर्धाही असतात. ज्या दिवशी आवारात मांडव पडणार, त्या दिवशी मुलांनी कोठे खेळावयाचे आणि ज्या दिवशी सामना ठरला आहे, त्या दिवशी भाड्याचे पैसे सोडावयाचे की नाहीत, हे तारीख येण्यापूर्वीच लिहिलेले असावे.

जय जिनेंद्र.