उठताना कुलूप लावा

पासवर्ड कसा असावा, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. मला बोलायचं आहे ते पासवर्ड टाकून आत गेल्यानंतरचं.

घरातलं लोखंडी कपाट घ्या. कुलूप भक्कम आहे, पण सकाळी उघडल्यापासून किल्ली कपाटालाच लटकते आहे. मग त्या कुलपाचा उपयोग काय? आपण संगणकाचं अगदी हेच करतो. सकाळी एकदा लॉगिन केलं की चहाला, जेवायला, बाहेर कुठे जायला उठतो आणि खातं उघडंच राहतं. शिवाय आतला चोरकप्पाही उघडा, कारण ई-मेल चालू असतो. कुणीही तुमच्या दुसऱ्या एखाद्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलात?’ यावर क्लिक करावं, बदलायची लिंक तुमच्याच ई-मेलवर हजर!

म्हणून उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू. चालू काम आत जसंच्या तसं राहतं, काही बंद होत नाही. मग आळस कशाला?

तरी विसरायला होतं. त्यासाठी पाच मिनिटांनी आपोआप कुलूप लागेल, अशी सेटिंग करा. आणि हे नीट ऐका: पडदा काळा झाला म्हणजे कुलूप लागलं, असं नाही! माऊस हलवल्यावर पासवर्ड विचारला जातो का, ते स्वतः पाहा. विचारत नसेल, तर किल्ली कपाटालाच आहे. पासवर्डशिवाय आपोआप लॉगिन होण्याची सोय ठेवली असेल, तर तीही काढून टाका.

दुसरं, घरात सगळ्यांना मिळून एकच खातं नको. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली त्याच्यापुरत्या राहाव्यात, म्हणून तिथे पासवर्ड आला. आपण मात्र घरभर एकच पासवर्ड वाटतो. प्रत्येकाला आपापला कप्पा द्या. मुलांचं खातं साधं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. म्हणजे बरंचसं नवं सॉफ्टवेअर टाकताना मोठ्यांचा पासवर्ड लागेल.

बाकी विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: खुर्चीतून उठण्याआधी विंडोज आणि एल. मुलांनाही हीच सवय लावा.