हरलेला संघही पुढच्या आठवड्यात खेळेल





काल संध्याकाळी परिषदेसाठी आलेल्या नगराध्यक्ष, नगरसेवक आणि क्रीडा अधिकाऱ्यांनी आमचं पालिकेचं मैदान पाहिलंच असेल. आत मुलांचं क्रिकेट चालतं आणि कडेच्या कट्ट्यावर त्यांच्या आया सॅक, पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात. यातल्या कितीतरी जणी शाळेच्या संघातून खो-खो खेळलेल्या आहेत. लग्न झालं, खेळ सुटला. पुरुषांचंही नोकरी लागली की तेच होतं. आपण वर्षाकाठी एक चषक भरवतो, पण तो बाद फेरीचा आणि कसलेल्या खेळाडूंचा. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ घरी जातो, तो वर्षभरासाठी. लीगमध्ये तो पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात येतो. म्हणून माझा आग्रह लीगचा आहे, आणि तीही स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांची.

हे काम आपलंच आहे: चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने क्रीडांगणांचा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांशी जोडला. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात आपण शेजारी बसून अंदाजपत्रक मंजूर करतो. मैदानावर एकत्र यायला अडचण कसली?

स्त्री-पुरुषांच्या ताकदीतल्या फरकाचा प्रश्न कुणीतरी विचारेलच; त्याला उत्तर आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे शिक्षक निको ब्रुकहाउसेन यांनी 1902 मध्ये कॉर्फबॉल हा मिश्र संघांचा खेळ सुरू केला. आज त्यात एका संघात चार स्त्रिया, चार पुरुष असतात आणि स्त्रीने स्त्रीला, पुरुषाने पुरुषालाच अडवायचं असतं. एवढ्या एका नियमाने निम्मी तक्रार मिटते. आपल्या खो-खोतही आठ चौकांत चार स्त्रिया, चार पुरुष बसवता येतील. बचावाच्या तिघांच्या तुकडीत किमान एक स्त्री हवी, असं ठरवता येईल. पाठीला हात लावून खो द्यायचा संकोच वाटत असेल, तिथे लगोरीपासून सुरुवात करा.

खर्च फार नाही. दिवे हवेत, पाणी हवं, कडी लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह हवं (याविना बायका येणार नाहीत, हे मी ठासून सांगते) आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अशा हव्यात, ज्या कुणाच्या लग्नासाठी किंवा सभेसाठी रद्द होणार नाहीत.

आज साडेपाचला समोरच्या मैदानावर आमचे सफाई कर्मचारी, शिक्षिका, लिपिक आणि नगरसेवक मिश्र संघांतून लगोरी खेळणार आहेत. प्रत्येक संघात दोन जागा पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत; नावं बाहेरच्या टेबलावर द्यावीत. आता अध्यक्षांना विनंती करते, त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.