आधाराचा दांडा

(मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझी ओळख 'निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर' अशी करून दिली, ती खरी आहे. नोकरीभर पुलांची गणितं केली. हल्ली मात्र कुणाच्या घरी गेलो की नजर बाथरूमच्या दाराकडे जाते. बायको म्हणते, "पोह्यांना बोलावलंय, इन्स्पेक्शनला नाही!" पण आज तुम्हीच बोलावलंत, तेव्हा माझा इलाज नाही.

आपल्यापैकी बरेच जण सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे न्यू जर्सीत आले. मुलं लहान होती, शाळा चांगली पाहिली आणि घर घेतलं. घर कसलं? दुमजली कलोनियल, नाहीतर स्प्लिट लेव्हल. बेडरूम सगळ्या वर, खाली टब-शॉवर नसलेली पावडर रूम, कपडे धुवायचं मशीन तळघरात. चाळिशीत याचं काही वाटलं नाही. आता त्याच घरात पंचाहत्तरी साजरी होते आहे, आणि घरानं आपल्यासाठी एकही पायरी कमी केलेली नाही.

सरकारच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचा आकडा असा आहे, की पासष्टीपुढच्या चौघांत एकाहून अधिक जण दर वर्षी पडतात. त्यातले निम्म्याहून कमी लोक ते डॉक्टरला सांगतात. आपल्याकडे तर मुलांनाही सांगत नाहीत. "उगीच काळजी करतील."

आपल्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगतो. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, वॉकर घेऊन घरी आल्या. वॉकर पावडर रूमच्या दारातून आत जाईना. दार २४ इंची, आणि ते उघडल्यावर त्याच्याच जाडीनं आणखी जागा खाल्ली. फॅमिली रूममध्ये पडदा बांधून कमोडची खुर्ची ठेवली. काकूंनी काय केलं, तर दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद केलं. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून. हे कळलं केव्हा, तर चक्कर येऊन पुन्हा डॉक्टरकडे न्यावं लागलं तेव्हा. हाडाचं दुखणं डॉक्टरांनी बरं केलं होतं. हे दुसरं दुखणं दारानं दिलं.

त्या दाराला शेवटी ऑफसेट बिजागऱ्या लावल्या. त्यानं दार पूर्ण बाजूला जातं आणि त्याच्या जाडीइतकी, म्हणजे दीडएक इंच, वाट मोकळी होते. वॉकर जाऊ लागला. व्हीलचेअर असती तर मात्र भिंत फोडावी लागली असती, कारण तिला निव्वळ ३२ इंच मोकळी वाट हवी. घरी जाऊन आज एक काम करा, दार उघडून मधली मोकळी जागा मोजा. चौकट मोजू नका.

आता बाथरूम. टबची कड जमिनीपासून चौदा-पंधरा इंच उंच असते. ओल्या पायानं, एका पायावर उभं राहून आपण ती ओलांडतो. आणि पडायला लागलं की हात कुठे जातो? टॉवेलच्या दांड्याकडे! तो दांडा टॉवेलचं वजन पेलायला केलेला असतो. इथे टेबलावर मी दोन दांडे आणलेत, दिसायला सारखेच. एक टॉवेलचा, दुसरा ग्रॅब बार. सार्वजनिक जागांच्या नियमांप्रमाणे ग्रॅब बारनं २५० पौंड भार सोसला पाहिजे. पण नुसत्या प्लास्टरबोर्डवर स्क्रू मारलात तर पहिल्या हिसक्याला सगळं हातात येईल. भिंतीतल्या लाकडी स्टडमध्येच तो बसवावा लागतो. आणि हवा चिकटवून लावायचे सक्शनचे दांडे मिळतात, त्यांच्यावर जीव टांगू नका.

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना बादली-तांब्या हवा असतो. मग आपण टबात प्लास्टिकचं स्टूल ठेवतो. गुळगुळीत टब, साबणाचं पाणी आणि वर ते स्टूल! त्यापेक्षा ट्रान्स्फर बेंच आणा. त्याचे दोन पाय टबबाहेर, दोन आत. बाहेर बसायचं, सरकत आत जायचं. सोबत नळी असलेला हँड शॉवर. तांब्याची सवय असलेल्यांना तो चटकन जमतो, कारण पाणी आपल्या हातात राहतं. पाण्याचा हीटर १२० डिग्री फॅरनहाइटवर ठेवा. १४० च्या पाण्यानं काही सेकंदांत भाजतं, आणि म्हातारी कातडी नाजूक.

स्मोक अलार्मबद्दल एकच. फोडणीनं वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवलेली किमान सहा घरं मला माहीत आहेत. त्यातली दोन इथे बसली आहेत. अलार्म शेगडीपासून लांब हलवा, पण बंद करू नका, आणि दहा वर्षांनी बदला.

लोक विचारतात, "अहो, अमेरिकेत तर अपंगांसाठी केवढे कायदे!" आहेत. पण १९९० चा एडीए कायदा दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं यांना लागू आहे. तुमच्या-माझ्या राहत्या घराला नाही. फेअर हाउसिंगचे नियम आहेत ते चार किंवा अधिक घरांच्या, मार्च १९९१ नंतर राहायला खुल्या झालेल्या इमारतींना, आणि बहुमजली टाउनहाउस त्यातून बहुधा सुटतं. मात्र त्याच कायद्यानं एक मोठी गोष्ट दिली आहे. अपंगत्वामुळे गरज असेल तर भाडेकरूला किंवा काँडोत राहणाऱ्याला स्वतःच्या खर्चानं वाजवी बदल करू द्यावे लागतात. असोसिएशन "नियमात बसत नाही" म्हणाली तर लेखी मागणी करा.

खर्चाचं म्हणाल, तर मूळ मेडिकेअर वॉकर, व्हीलचेअर देतं, ग्रॅब बार आणि रॅम्पला देत नाही. काही अॅडव्हान्टेज प्लॅन थोडंफार देतात, विचारून पाहा. वैद्यकीय कारणानं केलेले रॅम्प, रुंद केलेली दारं हा खर्च आयटमाइझ करणाऱ्यांना टॅक्समध्ये वैद्यकीय खर्च म्हणून धरता येतो, उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर जाईल तेवढा. पावत्या जपा.

रॅम्पचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. दारापुढे सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर २१ फूट. म्हणजे अर्धं अंगण! म्हणून अटलांटात एलिनॉर स्मिथ या बाईंनी १९८७ पासून धरलेला हट्ट मला फार पटतो. त्या स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअर वापरत. त्यांचं म्हणणं, नवीन घर बांधतानाच एक दार बिनपायरीचं ठेवा, आतली दारं रुंद ठेवा आणि तळमजल्यावर व्हीलचेअर जाईल असं एक टॉयलेट द्या. बांधताना याला फारसा खर्च येत नाही, नंतर भिंती फोडायला येतो. आपली मुलं आता नवीन घरं बांधताहेत, तुम्ही त्यांना किचन काउंटरच्या ग्रॅनाइटबद्दल सल्ला देता, तेव्हा हेही सांगा. फक्त आपल्यासाठी नाही. त्यांच्या व्हीलचेअरवरच्या मित्राला दिवाळीच्या फराळाला घरात येता येईल की नाही, तेही त्यावर ठरतं.

"घर विकून सीनियर कम्युनिटीत जावं का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं मत, वरच्या बेडरूमसाठी भांडत राहण्यापेक्षा आधी खालची डायनिंग रूम मोकळी करा. वर्षातून दोनदा तिथे कोण जेवतं? पलंग तिथे लावा, पावडर रूममध्ये शॉवर बसतो का ते प्लंबरला विचारा. बसत असेल तर पुढची दहा वर्षं शेजार, देवघर, तुळस सगळं आहे तिथेच राहील. बसत नसेल तर जागा बदलायचा विचार चालता-फिरता असतानाच करा, हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या दिवशी नको.

मोजायचे टेप मागच्या टेबलावर आहेत, माणशी एक घ्या. दोन्ही दांडे ओढून बघा, टॉवेलचा मोडला तरी चालेल, तेवढ्यासाठीच आणलाय. काका, तुमचा हात केव्हाचा वर आहे. विचारा.